जोडीतले एक इंजिन

सांगलीत राहणाऱ्या माणसाला पावसाळ्यात फुटांची भाषा बोलावी लागते. सकाळी दूधवाला दारात आला की दुधाच्या आधी प्रश्न निघतो, 'आयर्विनला किती झाले?' १९२९ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या या पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे येथील शाळकरी पोरालाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५७ फुटांवर गेला. त्या दिवसांत ज्यांनी आपल्याच घराच्या माडीवरून आपलाच रस्ता नदी होताना पाहिला, त्यांना त्या आकड्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

त्याच महापुरात, ८ ऑगस्ट २०१९ रोजी, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ गावी लोकांना सुरक्षित ठिकाणी नेणारी बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे बुडाली. त्यांत स्त्रिया होत्या, लेकरे होती. वाचण्यासाठीच ती माणसे बोटीत बसली होती. कृष्णा आणि येरळा यांच्या संगमावरचे ते गाव आमच्यापासून फार दूर नाही. ती बातमी ऐकली तेव्हा आम्हीही दुसऱ्या एका बोटीची वाट पाहत माडीवर बसलो होतो. पुढे २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आले. तेव्हा आमच्या धर्मग्रामातील सहा कुटुंबांनी ठरवले की दर खेपेस हात वर करून वाट पाहण्यापेक्षा आपल्या वस्तीसाठी आपली एक बोट असावी. ती आपल्यापुरती नसावी. गल्लीत जो अडकला असेल त्याची असावी.

हे लिहिताना आम्ही 'आम्ही' म्हणतो ते या सहा कुटुंबांच्या वतीने. जे घडले त्यात कुणा एकाला वेगळे काढता येणार नाही, हेही त्याचे एक कारण आहे.

नवी बोट घेण्याची आमची ऐपत नव्हती. २०२२ च्या आरंभी किनारपट्टीवरून एक वापरलेली बोट मिळाली. १८ फुटी, फायबरची, आठ माणसांची, आणि मागच्या फळीवर पंचवीस-पंचवीस अश्वशक्तीची दोन पेट्रोल इंजिने. दोन इंजिनांची बोट म्हणजे श्रीमंती मिरवणे, अशी शंका आमच्यापैकी काहींनी काढली. परंतु पुराच्या पाण्याची ज्यांना माहिती होती त्यांनी समजूत घातली. पुरात नुसते पाणी वाहत नाही. उसाचे पाचट, जलपर्णी, झाडांच्या फांद्या, शेताच्या कुंपणाच्या तारा, तुटलेल्या विजेच्या वाहिन्या, सगळे त्याच्याबरोबर येते. यातले काहीही पंख्यात गुरफटले की इंजिन बंद. शांत तळ्यात इंजिन बंद पडले तर वल्ही मारता येतात. वाहत्या पुरात मात्र बोटीची ताकद गेली की ती प्रवाहाला आडवी होते, आणि आडवी बोट उलटायला वेळ लागत नाही. दुसरे इंजिन असते ते वेग वाढवण्यासाठी नव्हे, तर बोटीची नाळ प्रवाहाकडे धरून ठेवण्यासाठी. प्रभूने आपल्या शिष्यांना गावोगावी पाठवले तेही दोघेदोघे, याची आठवण त्या वेळी एका आजींनी करून दिली आणि चर्चा संपली.

बोट आली, पण ती ठेवायची कोठे? जी बोट अकरा महिने ताडपत्रीखाली झाकून ठेवतात ती बाराव्या महिन्यात चालत नाही. साचलेले पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट होऊन बसते, रबर कडक होते, बॅटरी उतरते. यंत्राला आरामाने जेवढी इजा होते तेवढी कामाने होत नाही. तेव्हा तोड निघाली ती सातारा जिल्ह्यात.

महाबळेश्वर, जावळी आणि पाटण या तालुक्यांत कोयना धरणाचा शिवसागर जलाशय पसरला आहे. १९६० च्या दशकात हे धरण उभे राहिले. १०५ टीएमसी पाणी अडवणाऱ्या त्या भिंतीमागे कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांची खोरी भरली आणि खोऱ्यांतील गावे पाण्याखाली गेली. पुष्कळ लोक दूरच्या जिल्ह्यांत वसवले गेले. जे डोंगरावर वर सरकून तिथेच राहिले त्यांचा गावचा रस्ता मात्र पाण्यात गेला. बामणोली, तापोळा या ठिकाणांहून पलीकडच्या वाड्यांना जायचे तर लाँच किंवा मोटारबोट. आजारी माणूस, लग्नाचे वऱ्हाड, शाळेचे मास्तर, तांदळाचे पोते, सर्वांची वाट पाण्यावरून. हिवाळ्या-उन्हाळ्यात वासोट्याला जाणारे पर्यटकही तेथूनच बोटीत बसतात. पावसाळ्यात मात्र पर्यटकांची ये-जा थांबते. म्हणजे आमची बोट सांगलीत हवी तेव्हा तेथे तिला काम कमी, आणि तेथे काम असते तेव्हा आम्हाला तिची गरज नसते.

त्या खोऱ्यातील एक जुने बोटवाले, ज्यांना सारे तात्या म्हणतात, त्यांच्याशी बोलणे झाले. नोंदणी, विमा, प्रवाशांची मर्यादा हे सोपस्कार उरकले. ऑक्टोबर ते मे बोट तात्यांनी चालवावी, भाड्यातून आपला चरितार्थ करावा आणि देखभाल पाहावी. जूनमध्ये ती ट्रेलरवर घालून आम्ही कास घाटाने साताऱ्याला आणि तेथून कराडमार्गे सांगलीला आणावी. देखभालीच्या खर्चासाठी दरमहा काही रक्कम आम्ही पाठवू. व्यवहार साधा होता.

पहिल्या भेटीत तात्या आम्हाला बोटीतून जलाशयाच्या मध्यावर घेऊन गेले आणि इंजिने बंद करून म्हणाले, "हितं खाली आमचं गाव हाय. देवळाचा कळस उन्हाळ्यात दिसतुया का म्हून आमचा बा बगत बसायचा." मग थोडे थांबून म्हणाले, "तुमच्याकडं पाणी येतं न् जातं. आमच्याकडं आलं ते ऱ्हायलं." धरणाचे बरेचसे पाणी वीज करण्यासाठी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे जाते, पण पावसाळ्यात दरवाजे उघडले की उरलेले कोयनेतून कराडला येते, प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि आयर्विनखाली आमच्या दारात पोहोचते. तात्या आणि आम्ही एकाच पाण्याच्या दोन टोकांना राहत होतो, हे आम्हाला त्या दिवशी प्रथम उमगले.

पहिले वर्ष सुरळीत गेले. दुसऱ्या वर्षी, २०२३ च्या जूनमध्ये, बोट सांगलीला आली तेव्हा फादरांनी रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात तिचा आशीर्वाद विधी केला. ट्रेलरवर उभी असलेली बोट फुलांनी सजवली होती. प्रार्थना झाली, पवित्र पाणी शिंपडले गेले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. इंजिन कसे वाजते ते ऐकायचे म्हणून मुलांनी हट्ट धरला, आणि मोठ्यांनाही ते हवेच होते. लोकांच्या बाजूला होते ते उजवे इंजिन आम्ही दोरी ओढून मिनिटभर सुरू केले. मोठा आवाज झाला, निळा धूर निघाला, पुन्हा टाळ्या पडल्या. त्या क्षणाचे छायाचित्र अजून आमच्यापैकी एकाच्या दिवाणखान्यात आहे.

त्या पावसाळ्यात देवाच्या दयेने बोटीची गरज लागली नाही. ऑक्टोबरात ती पुन्हा तात्यांकडे गेली. जानेवारीत त्यांचा फोन आला. "दादा, उजव्या इंजानाची धार बारीक झालीया." इंजिन चालू असताना त्याच्या मागच्या अंगाने पाण्याची एक बारीक धार सारखी बाहेर पडत असते. इंजिन थंड ठेवणारे पाणी आत खेळते आहे, याची ती खूण. आम्ही म्हणालो, "उन्हाळ्यात पाहू, तात्या." फेब्रुवारीत त्यांनी पुन्हा सांगितले. आम्ही पुन्हा तेच म्हणालो. हा प्रायश्चित्तकाळ होता, चर्चमध्ये कार्यक्रम होते, मुलांच्या परीक्षा होत्या. सबबी सगळ्या खऱ्या होत्या.

७ एप्रिल २०२४, ईस्टरनंतरचा पहिला रविवार. आम्ही सहलीला म्हणून बामणोलीला गेलो होतो. पलीकडच्या काठावरून परत येताना उजव्या इंजिनाचा आवाज एकाएकी जड झाला, करपल्याचा वास आला, आणि खटकन् ते थांबले. बोट उजवीकडे वळू लागली. तात्यांनी न बोलता डाव्या इंजिनाचा वेग उतरवला, मेलेले इंजिन वर उचलून त्याचा पंखा पाण्याबाहेर काढला, सुकाणूचा दांडा दाबून धरला आणि चालायच्या वेगाने आम्हाला काठाला आणले. बोटीत चार मुले होती. भीती वाटावी असे काही झाले नाही. तरी काठाला उतरल्यावर आमच्या मनात एकच विचार होता: हे पाणी शांत होते, हेच कृष्णेत झाले असते तर?

आता जे लिहायचे ते लिहिताना संकोच वाटतो. इंजिन जाम झालेले पाहून आमच्यापैकी एकजण म्हणाला आणि बाकीच्यांनी मान डोलावली, की तात्यांनी पेट्रोलमध्ये ऑइल कमी घातले असणार. ही इंजिने टू-स्ट्रोक आहेत. त्यांचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. ५० लिटरला एक लिटर, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर. ऑइल महाग असते. गरीब माणूस कोठे काटकसर करील, हे आम्ही घरी बसून ठरवून टाकले. तात्यांना आम्ही चोर म्हटले नाही. फोनवर एवढेच विचारले, "तात्या, ऑइल किती घालत होता?" आणि त्या महिन्याची देखभालीची रक्कम पाठवली नाही. तात्या फोनवर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाटलीच्या खुणंपरमानं." आणि त्यांनी फोन ठेवला.

बोट एप्रिलअखेरच सांगलीला आणली. मग सभा भरली. जून दारात होता, पैसे थोडे होते आणि मते तीन होती. एक मत असे की उजवे इंजिन काढून टाकावे आणि एकावर भागवावे. दुसरे असे की चाळीस अश्वशक्तीचे एक जुने इंजिन स्वस्तात मिळते आहे, ते बसवावे. ताकद वाढली तर वाईट काय? तिसरे मत फादरांचे होते आणि ते मत नव्हते, प्रश्न होता. ते म्हणाले, "आधी कोणी उघडून पाहिले आहे का?"

तेव्हा अण्णा मिस्त्रींना बोलावणे गेले. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हापासून कृष्णाकाठच्या या भागात यंत्राचा हात असलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या घडत आली आहेत. अण्णांची हयात शेतीपंपांच्या दुरुस्तीत गेली, आणि २००५ च्या महापुरानंतर गावोगावच्या बोटींची इंजिनेही त्यांच्याकडे येऊ लागली. सत्तरी ओलांडलेले, कमी बोलणारे. आम्ही त्यांना चाळीसच्या इंजिनाविषयी विचारले. ते म्हणाले, "जुवाला एका अंगाला खिलारी आणि दुसऱ्या अंगाला हत्ती बांधता का तुम्ही?" एक इंजिन जोराचे झाले की बोट सतत एका बाजूला ओढते, चालवणाऱ्याचा हात भरून येतो, कमजोर इंजिन नुसते ओझे होऊन बसते, आणि त्या आकाराची फळी एवढा जोर सोसायला केलेलीच नसते. जोडी असेल तर ती सारखी हवी: अश्वशक्ती सारखी, पायाची लांबी सारखी, पंख्याचा व्यास आणि पीळ सारखा. नाहीतर एकच ठेवा, पण मग पुरात जाऊ नका.

"आणि त्याहून आधी," ते म्हणाले, "हे का मेलं ते बघू या. मेलेल्याची चौकशी न करता नवं बसवलं, तर तेही त्याच दुखण्यानं मरतं."

चर्चच्या मागच्या पडवीत त्यांनी इंजिन उघडले. आम्ही भोवती उभे होतो, थोडेसे साक्षीदार म्हणून आणि, खरे सांगायचे तर, थोडेसे फिर्यादी म्हणून. त्यांनी सिलिंडर काढला. एका पिस्टनवर उभ्या चरा पडल्या होत्या; दुसरा जवळजवळ स्वच्छ होता. त्यांनी आतल्या भागावर बोट फिरवले आणि आमच्यापुढे धरले. बोट तेलकट होते. "ऑइल कमी असतं तर दोन्ही पिस्टन गेले असते, आणि बेअरिंगं कोरडी दिसली असती. ही चांगली ओली आहेत. ह्याला ऑइल पुरेपूर मिळालंय. हे तापून गेलंय." मग त्यांनी इंजिनाचा खालचा पाय सोडवला आणि पाण्याचा पंप उघडला. त्यात रबराचे एक लहान चाक असते, पाकळ्या असलेल्या फुलासारखे. त्याला इम्पेलर म्हणतात. या चाकाच्या पाकळ्यांच्या कडा करपून चकचकीत झाल्या होत्या. तीन पाकळ्या मुळापासून तुटलेल्या होत्या. तुटलेले तुकडे पाण्याच्या वाटेत वर जाऊन अडकले होते, आणि जो सिलिंडर तापला त्याची वाट त्यांनीच बंद केली होती.

"हे रबर पाण्यावर चालतं," अण्णा म्हणाले. "पाणी हेच त्याचं वंगण. कोरडं फिरवलं की क्षणात करपतं. करपलं तरी लगेच मोडत नाही, महिने काढतं. पाकळी पाकळी करून जातं. कोणीतरी हे इंजिन पाण्याबाहेर चालवलंय." त्यांनी आमच्याकडे पाहिले. "आमच्याकडचा शेतकरीसुद्धा पंप कोरडा चालवत नाही."

पडवीत कोणी काही बोलले नाही. समोर अंगण होते. दहा महिन्यांपूर्वी तेथेच ट्रेलर उभा होता, टाळ्या वाजत होत्या, आणि मुलांच्या आणि आमच्या हौसेखातर आम्ही दोरी ओढली होती. बोटीवर पवित्र पाणी शिंपडले जात होते आणि त्याच वेळी इंजिनाच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. धार बारीक झाल्याचे तात्यांनी दोनदा कळवले होते, ते ऐकले असते तरी काही शे रुपयांच्या रबरावर निभावले असते. ज्या माणसाने दुखणे सांगितले त्याच्यावरच आम्ही दुखण्याचा आळ घेतला होता.

दर रविवारी मिस्सेच्या आरंभी आपण छातीवर हात ठेवून अपराध कबूल करतो. विचाराने, शब्दाने, कृतीने आणि कर्तव्य न करण्याने होणारी पापे आपण एका दमात मोजतो. त्या दिवशी पडवीत उभे असताना त्यांतील एकही प्रकार आमच्याकडून सुटला नव्हता, असे ध्यानात आले. संशय घेतला तो विचाराने. ऑइलचा प्रश्न विचारला तो शब्दाने. कोरडे इंजिन चालवले ती कृती. आणि फोन ऐकून न ऐकल्यासारखे केले ते कर्तव्यच्युत होणे. एवढासा रबराचा तुकडा, पण आत्मपरीक्षणाला पुरला.

अण्णांनी मग डाव्या इंजिनाकडे मोर्चा वळवला. त्याची धार चांगली होती, तरी त्याचाही इम्पेलर काढून पाहिला. तो कडक झाला होता. "दोन्हींची वयं एकच," ते म्हणाले. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली, ती आम्हाला आजवर सुचली नव्हती. दोन्ही इंजिनांना पेट्रोल एकाच टाकीतून, एकाच गाळणीतून जात होते. "पेट्रोलमध्ये पाणी शिरलं तर दोन्ही एकाच मिनिटाला बंद पडतील. मग दोन इंजिनं कसली? ते एकच झालं, दोन ठिकाणी वाजणारं." दुसऱ्याचा आधार व्हायचे तर प्रत्येकाचे मूळ स्वतंत्र असावे लागते. आमच्या सहा कुटुंबांचेही तसेच झाले होते. सगळ्यांनी एकाच मताला मान डोलावली, म्हणून चूक पकडायला कोणी उरले नाही. तो प्रश्न विचारला तो बाहेरून पाहणाऱ्या फादरांनी.

उजव्या इंजिनाचा सिलिंडर घासून मोठा करण्याच्या पलीकडे गेला होता. तसलेच वापरलेले दुसरे शोधण्यात मे महिना गेला. अण्णांबरोबर तीन ठिकाणी गेलो. पहिल्या ठिकाणचे इंजिन दिसायला देखणे, पण पाय २० इंचांचा. आमच्या फळीला १५ इंची पाय लागतो. लांब पाय बसवला तर पंखा फार खोल जातो आणि उथळ पाण्यात तळाला लागतो. दुसऱ्या ठिकाणी अण्णांनी गिअरचे ऑइल काढून पाहिले. ते दुधाच्या चहासारखे झाले होते, म्हणजे सील गळून आत पाणी शिरले होते. तिसरे इंजिन गोड्या पाण्यावरच चाललेले होते. अण्णांनी ते चालू असलेले पाहिले नाही. आदल्या दिवसापासून बंद ठेवायला सांगितले. गरम इंजिन कोणालाही फसवते. थंड असताना ते किती ओढींनी सुरू होते यावर त्याची तब्येत कळते. ते तिसऱ्या ओढीला सुरू झाले, अर्थात पाण्याने भरलेल्या पिंपात पाय बुडवून. मग प्लग काढून दोन्ही सिलिंडरांचा दाब मोजला. आकडा किती याहून दोन्ही आकडे जवळजवळ आहेत ना, याकडे त्यांचे लक्ष होते.

जुने इंजिन उतरवताना फळीची भोकेही तपासली. बाहेरून फायबर दिसते, पण आत लाकडी फळी असते, आणि बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपले तर ती आतल्या आत कुजते. सुदैवाने ती घट्ट होती. भोके नीट भरून नवे बोल्ट बसवले. सुमारे ५० किलोंचे ते धूड चौघांनी उचलून फळीवर बसवले, दोन्ही इंजिनांना जोडणारा दांडा लावला, दोन टाक्या आणि दोन गाळण्या वेगळ्या केल्या, दोन्ही पंपांना नवे इम्पेलर घातले. नोंदणीच्या कागदांवर इंजिनाचा नवा क्रमांक चढवण्यासाठी अर्ज केला.

हे सारे होण्याआधी मात्र एक काम उरकले होते. पडवीतल्या त्या दिवसानंतरच्या शनिवारी आम्ही बामणोलीला गेलो. फोनवर सांगता आले असते, पण जो आळ फोनवर घेतला तो तोंडावर उतरवायचा असतो. तात्या काठावर दुसऱ्या कोणाची लाँच धुवत होते. आम्ही थांबवलेली रक्कम पुढे केली आणि घडले ते सांगितले: अंगण, टाळ्या, कोरडे इंजिन, करपलेले रबर. तुटका इम्पेलर बरोबर नेला होता, तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"मला काय त्याचं," ते म्हणाले. "मी गरिबानं म्हणालो धार बारीक झालीया. तुमी म्हणलासा बगू." आवाजात राग नव्हता, पण माफीही लगेच नव्हती, आणि ती लगेच मागण्याचा हक्क आम्हाला नव्हता. पैसे त्यांनी मोजून घेतले. मग बराच वेळ पाण्याकडे पाहून विचारले, "डाव्याचं रबर बदललं का?"

बदलले म्हणून सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. निघताना काकींनी चहा केला. चहाबरोबर तात्या म्हणाले, "पुढच्या खेपंला फोन केला तर ऐका. मला तुमच्या इंजानाचं न्हाई, तुमच्या पोरांचं वाटतं. ७ तारखेला चार पोरं व्हती बोटीत." तारीख त्यांच्याही लक्षात होती.

बोट आजही जूनमध्ये सांगलीला येते आणि ऑक्टोबरात तात्यांकडे जाते. आशीर्वाद विधी पूर्वीसारखाच चर्चच्या अंगणात होतो. मुले पूर्वीसारखीच इंजिन ऐकण्याचा हट्ट धरतात, आणि तो पुरवलाही जातो. फक्त आता आधी दोन पिंपे पाण्याने भरून आणतात, इंजिनांचे पाय त्यांत बुडवतात, आणि मगच दोरी ओढली जाते. इंजिन सुरू झाले की पहिल्यांदा कोणी टाळ्या वाजवत नाही. सारेजण वाकून मागच्या बाजूला पाहतात. धार आली की मग टाळ्या.

बोटीच्या पेटीत एक वही ठेवली आहे. तात्यांचा फोन आला की तारीख घालून त्यांचे बोलणे तीत लिहून घ्यायचे आणि त्यावर काय केले ते समोर लिहायचे, असा नियम आम्ही सहा कुटुंबांनी केला आहे. वहीच्या पहिल्या पानावर कोणतेही वचन लिहिलेले नाही. तो तीन पाकळ्या तुटलेला इम्पेलर तेवढा दोऱ्याने बांधून ठेवला आहे.